खरखर

बिघडलेल्या वस्तूंच्याही जाती असतात. पंखा बंद पडला की पडला. तो काही खोटे बोलत नाही. विळीची मूठ निघाली की निघाली. पण काही वस्तू अशा, की त्या धड बिघडतही नाहीत आणि धड चालतही नाहीत. दुरुस्त करणारा दारात उभा राहिला की गुणी बाळासारख्या वागतात, आणि त्याने पाठ वळवली की पहिले पाढे पंचावन्न. टेलिफोनच्या तारेवरून घरात येणारे इंटरनेट ही या जातीतली अग्रगण्य वस्तू. ज्यांच्या घरी ते कधी नव्हतेच त्यांना मी काय म्हणते ते कळायचे नाही, आणि ज्यांच्या घरी होते त्यांना जास्त सांगायला नको.

माझी ही हकीकत २०२० सालची. आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार दूर नाही. गाव डोंगराच्या कुशीत बसलेले, म्हणजे पाहुण्यांना फोटो काढायला उत्तम आणि मोबाईलला निरुपयोगी. रेंज हवी असेल तर सड्यावर जायचे. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. त्याचे नाव कोणी ठेवले असेल ते असो, पण माडपोफळींच्या बागा आडव्या झालेल्या बघून आजी म्हणाली, "निसर्ग म्हणे! मेल्यांना दुसरं नाव सापडलं नाही." वीज परत यायला कित्येक दिवस लागले. टेलिफोनची तार मात्र कोणीतरी येऊन जोडून गेले आणि फोन विजेच्या आधी बोलू लागला. यात चमत्कार नाही. तांब्याच्या तारेवरच्या फोनला घरची वीज लागतच नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या सुमारे ४८ व्होल्टचा दाब तारेतूनच घरोघर पाठवत असतात. अंधारात बसून आजी गिरगावातल्या मावशीआजीशी बोलली तो पहिला फोन. मावशीआजी चाळीतल्या खोलीत एकटी, टाळेबंदीमुळे दाराबाहेर पाऊल नाही. दोघी बहिणी त्या दिवशी काय बोलल्या ते ठाऊक नाही. बराच वेळ नुसते "हं, हं" ऐकू येत होते.

जुलैत बारावीचा निकाल लागला, मी कला शाखेत प्रवेश घेतला आणि सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. वर्ग म्हणजे काय ते तुम्हांला माहीत आहेच. पडद्यावर सरांचा चेहरा, खाली तीसचाळीस काळे चौकोन, आणि मधूनच कुणाच्या तरी घरचा कोंबडा. आमच्या वर्गातली मुले सड्यावर जाऊन, झाडाला प्लास्टिक बांधून बसत. मला ती सोय नव्हती. पावसापाण्यात एकटी मुलगी सड्यावर जाते हे आईला पटण्यासारखे नव्हते, आणि घरी फोनच्या तारेवरचे नेट असताना तिला ते पटवून देण्यासारखेही नव्हते. कागदोपत्री ते २ मेगाबिटचे होते. सरकारी व्याख्येनेही कमी नव्हे. २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड ठरवले होते. २ मेगाबिटची अट आली ती थेट २०२३ साली. तेव्हा मी काळाच्या तीन वर्षे पुढेच होते म्हणायचे.

फक्त ते टिकत नसे. सर केशवसुतांपाशी आले की मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागे. आणि तो मिनिटभराने स्थिर होई तोवर सर बालकवींवर पोहोचलेले असत. हजेरीच्या वेळी माझे नाव आले की मी नेमकी अंतर्धान पावलेली. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे चाले. घरात जितकी माणसे तितकी निदाने झाली. बाबांच्या मते मोडेम तापतो, म्हणून त्याच्याखाली चहाच्या दोन बशा पालथ्या घातल्या गेल्या. धाकट्या भावाच्या मते बंद करून चालू केला की झाले. तक्रारीच्या नंबरावर तासभर संगीत ऐकल्यावर भेटलेल्या बाईंचे मतही धाकट्या भावासारखेच होते. दोन दिवसांनी तक्रार दूर झाल्याचा संदेश मोबाईलवर आला. तो अर्थातच सड्यावर गेल्यावर वाचायला मिळाला.

आईने एके रात्री भाकऱ्या थापता थापता सहज म्हटल्यासारखे म्हटले, "हे वर्ष राहू दे का? पुढल्या वर्षी कॉलेज उघडलं की नीट जाशील." तिच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. पण आमच्या वाडीत 'पुढल्या वर्षी बघू' म्हणून शिक्षण थांबलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचे पुढले वर्ष कधी आले नाही. मी त्या रात्री काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक दोनशेपानी वही घेतली आणि तिच्यावर रकाने आखले: तारीख, वेळ, पाऊस, वारा, फोन, दिवा कधी गेला, कधी आला.

वही लिहायची हे मला कोणी शिकवले नाही. आजी दुधाचा हिशेब भिंतीवर लिहीत असे, त्यातलाच तो प्रकार. आणि चालू राहील तेवढ्या वेळात त्याच नेटवर त्याच्या दुखण्याविषयी वाचत असे. रोग्यानेच वैद्यकाचे पुस्तक हातात धरून उभे राहावे, तसे ते दृश्य होते.

मला समजले ते थोडक्यात असे. टेलिफोनची तार म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा. ही बोलण्यासाठी केलेली वाट. मुंबईत पहिले एक्स्चेंज उघडले १८८२ साली. तेव्हापासून तिच्यावरून माणसाचा आवाज जाणार एवढीच कल्पना. तोही पुरता नव्हे. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा फोनवरून जातो. त्यामुळे फोनवर 'स' आणि 'फ' यांत गफलत होते आणि साने नावाच्या माणसाला आपले नाव दोनदा सांगावे लागते. पुढे कुणा इंजिनियरांच्या लक्षात आले की या आवाजाच्या वरचा सगळा माळा रिकामाच पडला आहे. साधारण २६ पासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतची जागा त्यांनी इंटरनेटला भाड्याने दिली. खाली आवाज, वर नेट, तार एकच. दोघांनी एकमेकांच्या पायांत येऊ नये म्हणून घरात एक छोटी डबी लावतात, तिचे नाव स्प्लिटर.

ही एकाच घरातली दोन बिऱ्हाडे. भांडणे होणारच.

मोडेमच्या पोटात एक पान असते, ते संगणकावर उघडता येते. त्यावर दोन आकडे महत्त्वाचे. एक घट, म्हणजे एक्स्चेंजपासून येता येता संदेश किती क्षीण झाला तो. आमचे एक्स्चेंज तीनेक किलोमीटरांवर आणि घट ४२ डेसिबल. म्हणजे तिथून निघालेल्या शक्तीच्या सोळा हजार भागांतला एक भाग आमच्या ओटीवर पोहोचत होता. (डेसिबलमधला 'बेल' हा टेलिफोनवाल्या ग्राहम बेलचाच.) दुसरा आकडा खरखरीच्या वर संदेश किती शिल्लक उरतो त्याचा. तो साधारण सहाच्या वर हवा. आमचा कधी सात, कधी चार, कधी दोन. दोनवर आला की दिवा गेलाच. परीक्षेतले गुण कधी इतक्या धडधडीने पाहिले नाहीत.

आठवड्याभराने वही वाचायला बसले तेव्हा ध्यानात आले की हे एक दुखणे नाही, तीन दुखण्यांनी एकाच रोग्याच्या अंगात घर केले आहे. म्हणून तर कुणाचेच निदान लागू पडत नव्हते.

पहिले सोपे निघाले. फोन वाजला की दिवा जाई. बाबांनी यावर घरचा कायदा करून टाकला होता: दहा ते एक कोणी फोन करायचा नाही, कोणाला करू द्यायचा नाही. मावशीआजीला तसे कळवलेही. आजी काही बोलली नाही, पण दहाच्या सुमारास ती फोनजवळून उगीच फेऱ्या घाली. वास्तविक स्प्लिटर असताना घंटीने नेट जाण्याचे कारण नाही. मग मी तारेच्या मागे मागे गेले. ओटीवरच्या पेटीपासून माजघरातल्या दुसऱ्या फोनकडे जाणारी तार, घराला रंग दिला त्या वर्षी वायरिंगवाल्याने, स्प्लिटरच्या आधीच फोडून नेली होती. म्हणजे एक बिऱ्हाडकरू दाराने न येता खिडकीतून ये-जा करत होता. ती तार सोडवून स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला जोडली, आणि भावाला सड्यावर पाठवून घरी फोन करायला सांगितला. फोन खणखणून वाजला, दिवा जागचा हलला नाही. बाबांचा कायदा त्याच दुपारी रद्द झाला. मावशीआजीचा फोन दुसऱ्या दिवशी बरोब्बर दहा वाजता आला!

दुसरे दुखणे संध्याकाळचे. रोज सात वाजले की आकडा घसरे आणि दिवस उजाडेतो वर येत नसे. हे शोधायला आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर उपयोगी पडला. आमच्या तारेवरचे नेट आणि रेडिओची मीडियम वेव्ह हे शेजारी नव्हेत, चक्क एकाच जागेत राहतात. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागे, ती जागाही नेटच्याच पट्ट्यातली. तेव्हा नेटला जी खरखर सोसावी लागते ती मीडियम वेव्हच्या रेडिओला ऐकू येते. दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवून, ट्रान्झिस्टर कानाशी धरून मी संध्याकाळी घरभर हिंडले. स्वयंपाकघरात शांत, ओटीवर थोडी कुरकुर, देवघराशी गेले तर भुंग्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज. त्या वर्षी गणपतीत बाबांनी विजेवरची समई आणली होती, काजळी नको आणि तेलही नको म्हणून. तिचा टीचभर अडॅप्टर भिंतीच्या या बाजूला, आणि पलीकडे लागूनच टेलिफोनची पेटी. आजी सातला दिवा लावी, आणि माझा दिवा जाई.

आता देवाच्या दिव्याविरुद्ध बोलायचे कसे? मी ट्रान्झिस्टर आजीच्या कानाशी धरला, समई बंद केली, लावली, पुन्हा बंद केली. आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढा ओरडतो हा? आणि मी रोज याच्यासमोर शुभंकरोति म्हणत्ये!" तिने माळ्यावरून पितळेची समई काढायला लावली, चिंच लावून घासली, आणि त्या दिवसापासून तेलवात पुन्हा सुरू झाली. बाबा दोन दिवस जरा गप्प होते.

तिसरे दुखणे मात्र माझ्या आवाक्यातले नव्हते. ते ना घरात होते, ना वेळेला बांधलेले. पाऊस कोसळत असताना नेट ठीक. पाऊस थांबून ऊन पडले, वारा सुटला, की गेले. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट वहीत अशी दिसली, की आजी फोनवर बोलत असेल तितका वेळ आणि त्यानंतर थोडा वेळ ते कधीच जात नाही. पहिल्यांदा मला तो योगायोग वाटला. पण सलग नऊ दिवसांच्या नोंदी तेच सांगत होत्या. दोघी बहिणी दहा ते पावणेअकरा बोलल्या की माझा अकरापर्यंतचा तास सुखरूप. इतिहासाच्या तासाला मी आजीला खूण करू लागले आणि आजी तत्परतेने फोन फिरवू लागली. परंतु बोलायलाही काही सीमा असते. एक दिवस मावशीआजीनेच विचारले म्हणे, "तुझ्या नातीचा अभ्यास अजून किती उरलाय?"

गावात एक लाइनमनकाका होते. नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नव्हते. बाबा म्हणाले, निवृत्त माणसाला कशाला त्रास द्यायचा. पण काका स्वतःच एकदा दुधासाठी आले असता मी वही पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली. मग उठून आमचा फोन उचलला, एक आकडा दाबला आणि नुसते ऐकत राहिले. मला म्हणाले, "बाय, हे धर. एक आकडा दाबला की टोन जातो. आता लाइन गप्प असायला हवी. आहे का गप्प?"

नव्हती. कुठेतरी लांब, कोरड्या पाचोळ्यावरून कोणी चालल्यासारखी खरखर होती.

"सांधा सुका पडलाय," काका म्हणाले. "तांब्यावर गंज धरलाय. ओल असेपर्यंत ओलीतून कसंबसं चालतं. वाळलं, हललं, की सुटतं. आणि तुमची आजी बोलते तेव्हा लाइनीतून करंट वाहतो, तो त्या गंजातून वाट काढतो. बोलत राहिलं की बरं वाटतं तिला." यातली 'ती' म्हणजे तार. पण आजीने ते स्वतःवर घेतले आणि हसली.

दुसऱ्या दिवशी वर्ग नव्हते. काका, मी आणि माझा भाऊ तारेच्या वाटेने निघालो. इतकी वर्षे त्या गावात राहून ती तार कुठून येते हे मी कधी पाहिले नव्हते. आमच्या ओटीवरून सुटून ती पोफळीच्या बागेतून जात होती, मग फणसाच्या फांदीला टेकून खांबावर, खांबावरून गडग्याच्या कडेने पुढे. काका ठिकठिकाणी थांबत. हा खांब अमुक पावसाळ्यात पडला होता, या डब्यात मुंग्या घर करतात, हे घर बंद झाले तेव्हा याची जोडी त्या घराला दिली. कागदावर कुठेही नसलेला नकाशा त्यांच्या बोलण्यात होता. मी वहीच्या मागच्या पानांवर जमेल तेवढा उतरवून घेतला. त्यांना त्याचे नवल वाटले. "आता कुणाला लागणार हे?" म्हणाले.

दोष फार लांब नव्हता. बागेच्या टोकाशी वादळात मोडलेली पोफळ अर्धी उभी होती. तिथे जूनमध्ये घाईघाईने जोडलेली तार, वर दुधाची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीने बांधलेली. काकांनी पिशवी सोडली. आतून चार थेंब पाणी आणि एक गोगलगाय निघाली. तारेची टोके नुसती हाताने पिळलेली होती आणि तांबे हिरवे पडले होते, देवघरातली न घासलेली पळी असते तसे. वाऱ्याची झुळूक आली की पोफळ हले, पोफळीबरोबर सांधा हले, आणि माझ्या वर्गातला आवाज जाई. इतके दिवस ज्याच्यावर मी चरफडत होते ते हे एवढेसे, बोटाच्या पेराएवढे हिरवे!

पण जोडणाऱ्यावर रागावता येईना. वादळानंतरच्या त्या दिवसांत शेकडो तारा तुटलेल्या असणार, हाताशी काय होते नि काय नव्हते कुणाला ठाऊक. त्याच पिळावरून आजीचा पहिला फोन गिरगावात गेला होता.

काकांनी हिरवा भाग कापून टाकला, लालसर तांबे दिसेपर्यंत तार सोलली, आणि आत तेलकट मलम भरलेली दोन छोटी टोपणे खिशातून काढून टोके त्यांत दाबली. निवृत्त माणसाच्या खिशात ती कशी, असे मी विचारले नाही. सांधा झाडाला न बांधता मोकळा ढिला ठेवला, म्हणजे झाड हलले तरी त्याला ओढ बसू नये. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. पैसे घेतले नाहीत. आईने दिलेली दोन शहाळी घेतली.

घरी येऊन पान उघडले तर आकडा अकरा. संध्याकाळी अकरा. वारा सुटला तरी अकरा. रात्री झोपण्यापूर्वी मी पुन्हा एकदा पाहून आले. अकराच. आईने वर्ष राहू देण्याचा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. फोन उचलून एक आकडा दाबला आणि ऐकले. पलीकडे काही म्हणजे काही नव्हते. शांतता इतकी भरीव असू शकते हे मला ठाऊक नव्हते.

पुढे मी पहिले वर्ष त्याच तारेवर पार पाडले. कॉलेजची पायरी प्रत्यक्ष चढले ती दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास. आता गावात काचेच्या तंतूवरचे नेट आले आहे. ते वेगवान आहे, त्याला गंज चढत नाही, रेडिओ नि समई यांचे त्याला सोयरसुतक नाही. त्याची निंदा मी करणार नाही. तांब्यावर जे सोसले ते विसरण्याइतकी मी भाबडी नाही. मात्र वीज गेली की आता फोनही जातो. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा आजी सवयीने फोन उचलून कानाला लावी आणि परत ठेवी. मावशीआजी त्या दोन दिवसांत तिकडून सारखा फोन लावत होती असे नंतर कळले.

जुनी तार खांबापासून काढली तेव्हा बरीच लांब निघाली. अर्धी काकांनी नेली. उरलेली बाबांनी परसात दोन माडांच्या मध्ये ताणून बांधली आहे. पावसाळा सरला की आजी तिच्यावर गोधड्या वाळत घालते.